'हवेचा विरोध नगण्य माना': प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांना खुलं पत्र

भौतिकशास्त्राच्या प्रश्नपत्रिका काढणाऱ्या, तपासणाऱ्या आणि पाठ्यपुस्तकं लिहिणाऱ्या सर्व मंडळींना,

सप्रेम नमस्कार.

मी गेली एकवीस वर्षं शाळेत भौतिकशास्त्र शिकवते. तुमच्यापैकी काहींनी काढलेले पेपर मी मुलांकडून सोडवून घेतले आहेत, काहींच्या शेजारी बसून उत्तरपत्रिका तपासल्या आहेत. म्हणून हे पत्र परक्याचं समजू नका. घरातल्या माणसाने घरातल्यांशी बोलावं, तसं लिहिते आहे.

विषय एका ओळीचा आहे. त्या ओळीपाशी मी कशी येऊन थांबले, ते आधी सांगते.

एका पावसाळी संध्याकाळी माझी मुलगी गणितं सोडवत बसली होती. बाहेर पाऊस चांगलाच लागला होता. गणित असं होतं: 'जमिनीपासून २ किलोमीटर उंचीवरच्या ढगातून पावसाचा एक थेंब खाली पडतो. हवेचा विरोध नगण्य माना. थेंब जमिनीवर किती वेगाने आदळेल?' तिने सूत्र लिहिलं, किमती घातल्या, वर्गमूळ काढलं. उत्तर आलं १९८ मीटर प्रति सेकंद. पुस्तकाच्या शेवटी दिलेल्या उत्तराशी ताडून पाहिलं, जुळलं. ती पुढच्या गणिताकडे वळणार, तेवढ्यात मी म्हटलं, "हेच जरा ताशी किलोमीटरमध्ये कर बघू."

७१३ आले. तिचं पेन थांबलं. प्रवासी विमानाच्या वेगाच्या जवळ जाणारा हा आकडा. ती उठली, खिडकी उघडली आणि तळवा वर करून हात बाहेर धरला. थोडा वेळ तशीच उभी राहिली. मग ओला हात तसाच धरून माझ्याकडे वळली आणि म्हणाली, "नाही गं आई, एवढा नाहीये."

खरंच नाहीये. पावसाचा मोठ्यातला मोठा थेंबसुद्धा जमिनीवर येतो तेव्हा त्याचा वेग सेकंदाला साधारण ९ मीटर असतो, रिमझिम पावसाच्या बारीक थेंबाचा तर जेमतेम दोन. थेंब खाली येऊ लागला की वेग वाढतो, वेग वाढला की हवेचा विरोध वाढतो, आणि थोड्याच अंतरात हा विरोध थेंबाच्या वजनाएवढा होतो. तिथून पुढे वेग वाढायचा थांबतो आणि उरलेला सगळा प्रवास थेंब एकाच चालीने करतो. गणितातला वेग खऱ्या वेगाच्या बावीसपट आहे. ऊर्जा वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढते, म्हणजे आदळण्याची ऊर्जा जवळजवळ पाचशेपट. असा पाऊस पडला असता तर झाडाला पान राहिलं नसतं.

त्या गणितात जी गोष्ट 'नगण्य' मानायला सांगितली होती, तिच्यामुळे आपण पावसात उभे राहू शकतो. आणि हे माझ्या मुलीला गणिताने सांगितलं नाही, तळहाताने सांगितलं.

'हवेचा विरोध नगण्य माना.' 'घर्षण दुर्लक्षित करा.' 'पृष्ठभाग पूर्ण गुळगुळीत आहे असे समजा.' या ओळी मी फळ्यावर किती वेळा लिहिल्या असतील, याची गणती नाही. त्या ओळींना माझा सरसकट विरोध नाही, हे आधीच स्पष्ट करते. सगळं एकदम विचारात घ्यायचं ठरवलं तर एकही नियम हाती लागणार नाही. गुंत्यातलं काय बाजूला ठेवायचं हे कळणं, ही भौतिकशास्त्राची मोठी कमाई आहे. २ ऑगस्ट १९७१ रोजी अपोलो १५ मोहिमेतले डेव्हिड स्कॉट चंद्रावर उभे राहिले, त्यांनी एका हातातून हातोडा आणि दुसऱ्या हातातून ससाण्याचं पीस एकाच वेळी सोडलं, आणि दोन्ही एकाच वेळी जमिनीला टेकली. ते चित्रण मी दरवर्षी मुलांना दाखवते आणि दरवर्षी माझ्या अंगावर काटा येतो. हवा बाजूला केली की काय उरतं, ते तिथे डोळ्यांना दिसतं.

माझं म्हणणं क्रमाबद्दल आहे. बाजूला ठेवायची वस्तू आधी हातात तर घ्यायला हवी.

गॅलिलिओने ती घेतली होती. १६३८ साली छापलेल्या त्याच्या ग्रंथात उतारावरून गोळे सोडण्याच्या प्रयोगाचं वर्णन आहे. लाकडी फळीत बोटापेक्षा थोडी रुंद खाच पाडली, ती सरळ आणि गुळगुळीत केली, तिच्यावर होता होईल तेवढं तुळतुळीत केलेलं चर्मपत्र चिकटवलं, आणि तिच्यातून कांशाचा कठीण, गुळगुळीत, चांगला गोल गोळा सोडला. वेळ मोजायला आपल्यासारखं घड्याळ नव्हतं, म्हणून बारीक नळीतून पडणारं पाणी गोळा करून ते तोललं. आणि हे शंभर शंभर वेळा केलं. त्या चर्मपत्राचा विचार करा. घर्षण म्हणजे काय आणि ते कुठे कुठे लपून बसतं, हे त्या माणसाच्या बोटांना माहीत होतं. त्याचं दुर्लक्ष घासून घासून कमावलेलं होतं. आपण मुलांना ते एका ओळीत फुकट देतो, आणि पोरं त्याचा अर्थ असा लावतात की घर्षण ही किरकोळ कटकट आहे, खऱ्या विज्ञानात ती नसते.

आता माझ्या हातून घडलेली एक गोष्ट सांगते. ती सांगितल्याशिवाय हे पत्र लिहायचा मला अधिकार नाही.

बऱ्याच वर्षांपूर्वीची उत्तरपत्रिका. प्रश्न नेहमीचाच: सेकंदाला ३० मीटर वेगाने, ४५ अंशांच्या कोनात मारलेला फुटबॉल किती अंतरावर पडेल? हवेचा विरोध नगण्य माना. उत्तर साधारण ९२ मीटर. त्या मुलाने ते बरोबर काढलं होतं. आकृतीही काढली होती, दोन्ही बाजू सारख्या असलेली सुबक कमान. पण खाली दोन ओळी जास्तीच्या लिहिल्या होत्या. शब्द नेमके आठवत नाहीत, आशय पक्का आठवतो: मी रोज मैदानावर लांब किक मारतो, चेंडू इतका लांब कधीच जात नाही. शिवाय तो जाताना तिरका जातो आणि येताना जवळजवळ सरळ खाली येतो, आकृतीसारखा दोन्हीकडे सारखा येत नाही.

मी त्या दोन ओळींवर लाल रेघ मारली आणि समासात लिहिलं, 'अनावश्यक'. गुण कापले नाहीत. पुढची उत्तरपत्रिका ओढली.

तो मुलगा शब्दशः बरोबर होता. हवेत जाताना चेंडूचा आडवा वेग सतत कमी होत जातो. कमानीच्या माथ्यावर पोचेपर्यंत बराचसा आडवा वेग संपलेला असतो, म्हणून उतरतानाची बाजू आखूड आणि उभी होते. म्हणूनच सगळ्यात लांब जाण्यासाठीचा कोनही ४५ अंश राहत नाही, कमी होतो. सोळाव्या शतकातल्या तोफगोळ्यांच्या आकृत्या पाहिल्या तर त्यांत गोळा शेवटी जवळजवळ सरळ खाली येताना दाखवलेला असतो. त्यांनी दिलेली कारणं चुकीची होती. पण गोळा उतरताना जास्त उभा येतो, एवढं खरं त्या आकृत्यांत होतं, आणि तेच त्या मुलालाही दिसलं होतं. भौतिकशास्त्राच्या पेपरात त्या दोन ओळींइतकं भौतिकशास्त्र त्या वर्षी दुसऱ्या कुणी लिहिलं नव्हतं, आणि मी त्याला सांगितलं की हे इथे नको.

तो पुन्हा कधी असं काही लिहील? मला नाही वाटत. पेपरात काय लिहायचं आणि मैदानावरच काय सोडून यायचं, हे मुलं आपल्या एका लाल रेघेतून शिकतात.

खेळताना पाहिलेली गोष्ट विज्ञानात आणायला न्यूटनला संकोच वाटला नाही. १६७२ साली प्रकाश आणि रंगांविषयी त्याने जे प्रसिद्ध पत्र लिहिलं, त्यात प्रकाशाचे किरण लोलकातून बाहेर पडल्यावर वळत तर नसतील ना, अशी शंका तो घेतो. ती कुठून आली? तर तिरक्या रॅकेटने मारलेला टेनिसचा चेंडू वक्र रेषेत जाताना त्याने पुष्कळदा पाहिला होता, असं तो तिथेच लिहितो. चेंडू फिरत असतो, त्याच्या एका अंगाची गती पुढे जाण्याच्या गतीत मिळते, दुसऱ्या अंगाची तिच्या उलट जाते, आणि हवेचा दाब दोन्हीकडे सारखा राहत नाही. किरणांच्या बाबतीत ती शंका टिकली नाही, पण चेंडूचं निरीक्षण मात्र अस्सल होतं. आज टेबलटेनिसमधला टॉपस्पिन, फुटबॉलमधली भिंतीला वळसा घालणारी फ्रीकिक, हवेत वळणारा क्रिकेटचा चेंडू, यांतलं काहीही हवा नगण्य मानून समजणार नाही. क्रिकेटमध्ये तर चेंडूची शिवण आणि एका बाजूची चकाकी यांवरच हवेचा प्रवाह कुठे सुटतो ते ठरतं, आणि त्यावरून चेंडू कुठे वळेल ते. मैदानावरच्या पोराला ही चकाकी मांडीवर घासून टिकवायची असते, एवढं ठाऊक असतं. का, हे विचारायची जागा त्याला वर्गात मिळत नाही.

मैदान सोडा, घरात बघू. हे पत्र वाचता वाचता करता येईल असा एक प्रयोग सांगते. लांब दांड्याचा झाडू घ्या. दोन्ही हातांची पहिली बोटं पुढे करा आणि त्यांवर झाडू आडवा ठेवा, एक बोट दांड्याच्या टोकाजवळ, दुसरं झुपक्याच्या बाजूला. आता दोन्ही बोटं हळूहळू जवळ आणा. डोळे मिटले तरी चालतील.

झाडू पडत नाही. कितीही वेंधळेपणाने करा, पडत नाही. आणि बोटं एकत्र कशी येतात ते बघा: दोन्ही एकदम सरकत नाहीत. आधी एक सरकतं आणि दुसरं चिकटून बसल्यासारखं थांबतं, मग अचानक पहिलं थांबतं आणि दुसरं सरकायला लागतं. जणू दोघांनी पाळी लावून घेतली आहे. शेवटी दोन्ही बोटं एकमेकांना टेकतात, ती बरोबर झाडूच्या गुरुत्वमध्याखाली.

वर्गात हा प्रयोग केला की आधी हशा होतो. मग कुणीतरी पट्टीवर करून बघतं, कुणी छत्रीवर, कुणी दप्तर अडकवलेल्या काठीवर. मग हळूहळू उलगडा होतो. जे बोट गुरुत्वमध्याच्या जवळ, त्याच्यावर भार जास्त, म्हणून त्याचं घर्षण जास्त, म्हणून ते थांबतं. दूरच्या बोटावर भार कमी, ते सरकतं. सरकत सरकत ते जवळ आलं की त्याच्यावरचा भार वाढतो आणि पाळी बदलते. सरकत्या वस्तूचं घर्षण थांबलेल्या वस्तूच्या घर्षणापेक्षा कमी असतं, म्हणून पाळी लगेच बदलत नाही, बोट थोडं पुढे जाऊन मग थांबतं. स्थितिक घर्षण, गतिक घर्षण, गुरुत्वमध्य, बलाचा वळवणारा परिणाम, सगळा धडा एका झाडूवर. आता इथे 'घर्षण नगण्य माना' म्हणा. काय उरलं?

यावरचा माझा आवडता प्रश्न वेगळाच आहे. बोटं जिथे भेटली तिथे झाडू कापला, तर कुठला तुकडा जड भरेल? बहुतेक जण, मोठी माणसंसुद्धा, म्हणतात दोन्ही सारखे, कारण झाडू तिथे तोलला जात होता. झुपक्याचा आखूड तुकडा जड भरतो. तोल वजनांचा झालेला नसतो, वजन आणि अंतर यांच्या गुणाकाराचा झालेला असतो. हे कळतं त्या क्षणी मुलांचे डोळे कसे होतात, ते मला तुम्हाला दाखवता आलं असतं तर बरं झालं असतं.

चहाच्या कपात तळाशी पत्ती राहिली असेल तर चमच्याने गोल ढवळून थांबा. गोल फिरणारी वस्तू बाहेर फेकली जाते असं आपण शिकवतो, मग पत्ती कडेला जायला हवी. ती कपाच्या मध्यभागी गोळा होते. आइन्स्टाइनने १९२६ साली यावर लिहिलं, आणि त्याच लेखात नद्यांची वळणं वाढत का जातात तेही याच कारणाने समजावलं. कारण पुन्हा घर्षणच. कपाच्या तळाला घासून तिथलं पाणी मंदावतं. वरच्या वेगवान पाण्याला आत ढकलणारा दाब आणि त्याचं बाहेर जाणं यांचा तोल असतो, तळाशी तो बिघडतो, दाब वरचढ होतो आणि तळाचं पाणी मध्याकडे वाहतं. ते पत्ती घेऊन येतं आणि स्वतः मध्यातून वर जातं. पत्ती जड, ती तिथेच राहते. तळ पूर्ण गुळगुळीत माना, आणि ही गंमत घडणारच नाही.

आणि तो उलटणारा भोवरा तुम्ही पाहिला असेलच, डोकं गोल आणि वर आखूड दांडी असलेला. गरकन फिरवून सोडला की थोड्या वेळाने तो आपणहून उलटा होतो आणि दांडीवर फिरायला लागतो. जड बाजू वर जाते! स्वीडनमधल्या लुंड इथे काढलेलं एक छायाचित्र आहे: नील्स बोर आणि वोल्फगांग पाउली, दोघेही नोबेल मिळालेले, कमरेत वाकून जमिनीवरच्या अशाच भोवऱ्याकडे पाहत आहेत. दोन पोक्त माणसं, अंगात कोट, आणि चेहऱ्यावर मुलांचं कुतूहल. हा भोवरा उलटतो तोही जमिनीशी होणाऱ्या घर्षणामुळेच. फिरण्याची थोडी ऊर्जा खर्च होते आणि गुरुत्वमध्य वर उचलला जातो. पूर्ण गुळगुळीत जमिनीवर तो जन्मभर सुलटाच फिरत राहील.

मला ठाऊक आहे, इथे तुमच्यापैकी कुणीतरी म्हणेल, बाई, हे सगळं खरं, पण हवेचा विरोध घेतला की गणित मुलांच्या आवाक्याबाहेर जातं. पेपरात विचारायचं काय?

यात तथ्य आहे. कलनाशिवाय (कॅल्क्युलसशिवाय) थेंबाच्या प्रवासाचा क्षणाक्षणाचा हिशेब मांडता येत नाही. पण क्षणाक्षणाचा हिशेब मागायची गरजच नाही. गेल्या काही वर्षांत मी वर्गात एक प्रयोग करते. वहीच्या कागदाचे गोल कापून सारख्या मापाचे पसरट शंकू करायचे. एका हातात एक शंकू, दुसऱ्या हातात एकात एक बसवलेले चार. आकार तोच, वजन चौपट. सोडायच्या आधी वर्गाला विचारते, काय होईल?

वर्गाचे दोन तट पडतात. एक म्हणतो, चौपट जड, म्हणून चौपट वेगाने पडेल. दुसरा तट हुशार मुलांचा असतो. ते म्हणतात, वजनाचा संबंध नाही, दोन्ही एकदम पडतील, गॅलिलिओने सांगितलंय. दोन्ही तट चुकतात. चार शंकूंची चळत आधी पडते, पण चौपट वेगाने नाही. मग मुलं जिन्याच्या कठड्यावर चढतात, कुणी खाली आडवं होऊन डोळे जमिनीला लावतं, आणि उंच्या बदलून बदलून शोध सुरू होतो: एक शंकू कुठून सोडावा आणि चार कुठून, म्हणजे दोन्ही एकदम टेकतील? अर्ध्या तासात सापडतं. एक शंकू दीड मीटरवरून, चार शंकू तीन मीटरवरून. टप् असा एकच आवाज येतो.

वजन चौपट, वेग दुप्पट. म्हणजे हवेचा विरोध वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो. हे मुलांनी स्वतः काढलं, कागदाच्या तुकड्यांवर, आणि यात वर्गमूळापलीकडचं गणित नाही. ज्याला वर्गमूळ येतं त्याला नऊ शंकूंचा वेग किती ते सांगता येईल. हा प्रश्न पेपरात का येऊ नये? 'हवेचा विरोध नगण्य माना' या ओळीपेक्षा तो अवघड नाही. फक्त तो काढायला आपल्यालाही एकदा शंकू सोडून बघावे लागतील.

आणखी एक नाव घेते, कारण ते आपल्या पुस्तकांत सापडत नाही. आग्नेस पॉकेल्स, जन्म १८६२, जर्मनीत वाढली. मुलींना विद्यापीठात प्रवेश नव्हता, आणि घरी आजारी आईवडिलांची सेवा होती. खरकटी भांडी धुताना पाण्यावर तेलकटपणा आला की पाण्याचा पृष्ठभाग वेगळा वागतो, हे तिने पाहिलं. वीस वर्षांची असताना तिने स्वयंपाकघरातच एक उथळ तसराळं आणि त्यावर सरकणारी पट्टी असं साधन केलं, आणि पृष्ठताण किती घटतो ते मोजायला सुरुवात केली. १८९१ साली तिने ते सगळं ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅली यांना पत्राने कळवलं. रॅली यांनी ते पत्र 'नेचर' या नियतकालिकाकडे पाठवलं आणि ते छापून आलं. पृष्ठभागाच्या विज्ञानात पुढे जी उपकरणं आली, त्यांची पणजी म्हणजे ते तसराळं. पाण्यातला मळ ही तर दुर्लक्ष करायची पहिली गोष्ट. तिने नेमका तोच मोजला. मोरीपाशी उभ्या राहिलेल्या एखाद्या मुलीला आज असं काही दिसलं, तर ते ती कुठे लिहील? आपण ठेवलेल्या कुठल्या रकान्यात?

रॅली यांच्या जागी मी असते तर, हा विचार मला छळतो. समासात 'अनावश्यक' लिहिलं असतं का?

म्हणून काही मागणं आहे. अभ्यासक्रम बदला, पुस्तकं नव्याने लिहा, असं मी म्हणत नाही. ते व्हायला वर्षं लागतात आणि तोवर मुलं शाळा सोडून जातात. जिथे जिथे 'नगण्य माना' लिहाल, तिथे खाली एक उपप्रश्न जोडा, एका गुणाचा का होईना: 'नगण्य मानले नसते तर उत्तर वाढले असते की कमी झाले असते? का?' आकडा नको, दिशा हवी. पावसाच्या थेंबाच्या गणिताला एवढा उपप्रश्न असता, तर माझ्या मुलीने खिडकीपर्यंत जावं म्हणून मला मध्ये बोलावं लागलं नसतं. दुसरं, प्रत्येक पेपरात एक तरी प्रश्न असा ठेवा ज्याचं उत्तर पाहिल्याशिवाय लिहिता येणार नाही. गाइडमध्ये तो आला की पुढच्या वर्षी बदला. जगात पाहण्यासारखं संपणार नाही.

तिसरं मागणं तपासणाऱ्यांकडे आहे, आणि ते मला सगळ्यात जवळचं. आदर्श उत्तराच्या पलीकडे मुलाने स्वतः पाहिलेलं काही लिहिलं असेल, तर आधी ते वाचा. चुकीचं असेल तर का चुकीचं ते एका शब्दात लिहा. बरोबर असेल तर त्याला गुण द्यायची सोय गुणदान योजनेतच ठेवा, म्हणजे तपासणाऱ्याला स्वतःच्या जबाबदारीवर द्यावे लागणार नाहीत. आज एखाद्या शिक्षकाला द्यावेसे वाटले तरी योजनेत रकाना नसतो. मी त्या टेबलाशी बसले आहे, मला माहीत आहे. दिवसाला ठरलेल्या उत्तरपत्रिका संपवायच्या असतात, डोळे दुखत असतात, आणि लाल रेघ सगळ्यात लवकर मारता येते.

वेळ नाही, वर्ग भरलेले आहेत, प्रयोगशाळेला कुलूप आहे, ही कारणं मी नाकारत नाही. पण झाडूला, कागदाला, झोक्याला आणि पावसाला प्रयोगशाळा लागत नाही.

मी माझ्यापुरते वीस प्रश्न काढून ठेवले आहेत. सगळे वर्गात करून पाहिलेले. तुमच्यापैकी जो मागेल त्याला देईन, नाव घालायचीही गरज नाही. त्यांतला एक इथेच लिहिते. आवडला तर येत्या पेपरात घ्या:

'दोरीच्या झोक्यावर बसून १० हेलकाव्यांना लागणारा वेळ मोजा. मग त्याच झोक्यावर उभे राहून तो पुन्हा मोजा. (अ) कोणता वेळ कमी आला, आणि का? (आ) झोका देणे थांबवल्यावर तो किती हेलकाव्यांत थांबला, ते मोजा. तुमच्या मित्राचा झोका वेगळ्या संख्येला थांबला असल्यास दोन शक्य कारणे लिहा. (इ) झोक्याची ऊर्जा कुठे कुठे गेली? तुम्हाला जे ऐकू आले, हाताला जाणवले किंवा डोळ्यांना दिसले, त्याच्या आधारे उत्तर द्या.

सूचना: या प्रश्नात काहीही नगण्य मानू नका.'

आपली,
भौतिकशास्त्राची एक शिक्षिका